गप्प बसण्याचं भाषांतर

“बाई का म्हनते, मास्तर?”

हा प्रश्न मला पाचव्यांदा विचारला गेला तेव्हा बाई काहीच म्हणत नव्हती. चौथीच्या वर्गात, फळ्याखाली, ती पाठ ताठ ठेवून आणि हात मांडीत घेऊन बसली होती. समोर मुलांच्या बुटक्या बाकांवर, गुडघे हनुवटीला लावून, मोहटोल्याचे तीसेक कर्ते लोक बसले होते. उजवीकडे आम्ही कोहळी, म्हणजे धानवाले. डावीकडे ढीवर, म्हणजे मासेवाले. मधल्या रिकाम्या पट्ट्यात फक्त माझं स्टूल, कारण मी शाळेचा इंग्रजीचा मास्तर आणि त्या दिवसापुरता दुभाषी.

“काही म्हणत नाही,” मी कुजबुजलो.

“इतका वेर?” माझे बाबा म्हणाले. “विलायतेहून इथवर आली अना काहीच नाई म्हनत?”

ही गोष्ट एकोणऐंशी सालची. बाईचं नाव मार्जरी हॅलम. गावात पाऊल टाकल्यावर अर्ध्या दिवसात तिची मंजरीबाई झाली. साठीची, उंच, पायात पुरुषी बूट. ती क्वेकर पंथाची होती. त्यांच्यात पुजारी नाही, मूर्ती नाही, मंत्र नाहीत. लोक एका खोलीत जमतात आणि गप्प बसतात. ज्याला अगदीच राहवत नाही तो उठून दोन शब्द बोलतो आणि खाली बसतो. बंदूक हातात धरायची नाही हे त्यांचं शेकडो वर्षांपासून ठरलेलं. तिचा भाऊ महायुद्धात जखमींची गाडी चालवायचा आणि रस्त्यात जो पडलेला दिसेल त्याला उचलायचा, मग तो आपला असो की शत्रूचा. हे मी गावात सांगितलं तेव्हा सायत्राबाई ढीवरीणीनं एकच प्रश्न विचारला, “मंग जितलं कोन?”

मंजरीबाई तिकडच्या एका विद्यापीठात भांडणांचा अभ्यास करायची. ती लागतात कशी, चिघळतात कशी, मिटतात कशी. पाटबंधाऱ्याच्या एका इंजिनिअरनं तिला सांगितलं, भांडण पाहायचं तर मोहटोल्याला जा. गावाला याचा भारी अभिमान वाटला. जिल्ह्यात एवढी गावं, त्यात भांडणाच्या कामात आपला पहिला नंबर! लग्नात रुखवत मांडावा तशी दोन्ही बाजूंनी आपापली गाऱ्हाणी तिच्यापुढे मांडली. ती मासे खात नाही हे कळल्यावर आमच्या लोकांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. पण सायत्राबाईकडे तिनं वरणभात दोनदा मागून घेतला आणि आमच्याकडे एकदाच, तेव्हा आमचे चेहरे उतरले.

भांडण तलावाचं. आमच्या वाडवडिलांनी तो खोदला, पाळ बांधली आणि पाळीत पाणी सोडायचं दार बसवलं. त्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात. त्यावर एक लोखंडी चाक. फिरवलं की दार उघडतं, उलटं फिरवलं की बंद. आणि एक जुना नियम: तुडुमाला हात फक्त कोहळ्यानं लावायचा. पाणी आमचं, मासे ढीवरांचे, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची वाटणी. धानाला पाणी हवं तेव्हा तलाव रिता होतो आणि मासे वाढवायचे तर तो भरलेला लागतो, एवढी साधी अडचण होती. पण ती दरवर्षी बोलून सुटायची.

दोन वर्षांपूर्वी मात्र बिनसलं. श्रावणात रोवणीसाठी तुडूम उघडलं होतं आणि ते रात्रभर उघडंच राहिलं. सकाळी तलाव कमरेइतका खाली गेलेला, आणि ढीवरांच्या सोसायटीनं चारच दिवसांपूर्वी सोडलेलं माशांचं बी आमच्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांत, चिखलात तडफडत होतं. ढीवर म्हणाले, कोहळ्यांनी मुद्दाम केलं. बाबा ग्रामपंचायतीत छाती ठोकून म्हणाले, “म्या दिवस बुडाच्या आंधी चाक फिरवून बंद केलं. मागून तुमीच कोनी उघडलं असंल, आमाले बदनाम कराले.” मग कोणी ढीवरांची जाळी कापली. कोणी आमची तणसाची, म्हणजे धानाच्या पेंढ्याची, गंजी पेटवली. शेवटी तहसीलदारांनी चाकाला साखळी घालून कुलूप ठोकलं: दोन्ही बाजूंच्या सह्यांचा कागद आणा आणि किल्ली न्या.

आता पाऊस महिनाभरापूर्वी पाठ फिरवून गेला होता. धान निसवायला आलेलं, बांध्यांना भेगा पडलेल्या, आणि शंभर पावलांवर तलाव काठोकाठ भरलेला. आठ दिवसांत पाणी मिळालं नाही तर गावात यंदा दाणा येणार नव्हता. म्हणून तर ही तीस माणसं बुटक्या बाकांवर आली होती. नाहीतर त्यांनी एकमेकांच्या लग्नालाही जाणं सोडलं होतं.

आणि माझा दयाराम. दयाराम तुमसरे, सायत्राबाईचा मुलगा, ढीवरांच्या सोसायटीचा सचिव. मला पोहायला त्यानं शिकवलं, त्याला अपूर्णांक मी शिकवले. त्या श्रावणापासून तो माझ्याशी एक अक्षर बोलला नव्हता. मीसुद्धा तुडुमाच्या वाटेनं गेलो नव्हतो. कामच काय तिकडे.

माझ्याबद्दल एक सांगायला हवं. मी बोलका माणूस. माझी आई म्हणायची, हिवराजच्या तोंडाला तलावाची पाळ नाही. मौन पाळणं हा प्रकार मला आजारपणातही जमला नाही. आणि बाईनं सभा सुरू करताना सांगितलेले नियम तर असे: आधी गप्प बसायचं. बोलावंसं वाटलं म्हणून बोलायचं नाही, बोलल्याशिवाय राहवेना तरच बोलायचं. एक बोलला की पुन्हा थोडा वेळ गप्प. मतं मोजायची नाहीत. सगळ्यांना एकच गोष्ट दिसू लागली की ती तिथल्या तिथे कागदावर लिहायची.

हे सगळं मी नीट सांगितलं. मग ती गप्प बसली. पाच मिनिटं झाली. बाकं करकरली. कोणी खोकलं. भिंतीवरच्या नकाशात मी सगळे समुद्र वाचून काढले. दहा मिनिटं झाली.

“मास्तर,” डावीकडून कोणी कुजबुजलं, “बाई रागावली का?”

“आता त काहीतरी म्हनत असंल,” बाबा उजवीकडून.

तीस जोडी डोळे माझ्यावर. दुभाष्यानं तोंड मिटून बसायचं म्हणजे न्हाव्यानं हातात वस्तरा घेऊन नुसतं बसण्यासारखं. मला राहवलं नाही. मी उठलो आणि घसा साफ केला.

“बाई म्हणते,” मी म्हणालो, “की पाणी हे देवाचं आहे. तलाव कोणी खोदला याला महत्त्व नाही...”

पुढचं वाक्य मला पुरं करता आलं नाही. “महत्त्व कसं नाई?” म्हणून आमची उजवी बाजू एकदम उभी राहिली. “बराबर म्हनते बाई!” म्हणून डावी बाजू उभी राहिली. एक बाक उलटलं. बाबांनी आजोबांपासूनची वंशावळ काढली, पलीकडून कोणी जाळी काढली, मग तणसाची गंजी आली. बाई डोळे उघडून एकदा इकडे एकदा तिकडे पाहत होती. तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं.

“काय झालं?”

“ते विचारत होते, तुम्ही काय म्हणताय.”

“मी काहीच म्हणत नव्हते.”

“तेच मी सांगितलं,” मी म्हणालो. “थोडं विस्तारानं.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला. “मास्तर, मी चाळीस वर्षं अशा सभांना बसतेय. गप्प बसण्याचं भाषांतर मात्र आज पहिल्यांदा ऐकलं.” आणि तिनं जेवणाची सुट्टी जाहीर केली.

जेवणानंतर तिनं माझं स्टूल उचललं आणि कोपऱ्यात नेऊन ठेवलं. “तुम्ही त्यांच्यात बसा,” ती म्हणाली. “कोणी माझ्याशी बोललं तर सांगा. बाकी वेळ तुम्हीही गावातलेच आहात.”

मी बाबांच्या बाजूला बाकावर बसलो. पट्ट्यापलीकडच्या बाकावर दयाराम होता, शेजारी सायत्राबाई. त्यानं खिडकीकडे तोंड केलं.

या खेपेला लोक जरा शहाणे झाले होते. किंवा पोट भरलं होतं. गप्पपणा आला आणि टिकला. खिडकीतून तलावावरचा वारा येत होता, आणि त्याच खिडकीतून सुकणारं धानही दिसत होतं. मी दुभाषी नसल्यामुळे मला कोणी काही विचारत नव्हतं. फार वाईट अवस्था असते ही.

पहिले बाबा उठले. “मले एकच सांगाचं हाये. म्या तुडूम बंद केलं होतं. हातात गंगाजल द्या, पोथी द्या, पोराच्या डोक्यावर हात ठेवतो. मी शपथेवर सांगतो!” आणि त्यांनी खरोखरच माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मी ते बाईला इंग्रजीत सांगितलं. ती नम्रपणे म्हणाली, “त्यांना सांगा, आमच्यात शपथ घेत नाहीत. कोर्टातसुद्धा नाही. शपथ घेतली तर त्याचा अर्थ, एरवी बोलतो ते खरं नसलं तरी चालतं. त्यांनी साधं सांगावं. जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेवढंच.”

मी सांगितलं. मला वाटतं, आयुष्यात मी केलेलं तेवढं एकच भाषांतर शब्दाला शब्द होतं.

बाबांचा हात माझ्या डोक्यावरून हळूच खाली आला. ते बोलायला लागले आणि थांबले. शपथेवर जे दोन वर्षं धडाधड येत होतं ते साधं म्हणून येईना. “बंद होतं,” ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, “बंद होतं, असं...” आणि ते खाली बसले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. न पाहण्याची त्यांनी एवढी काळजी घेतली की मला घाम फुटला.

आता पुन्हा तोच गप्पपणा. पण सकाळचा आणि हा एक नव्हता. सकाळी मला वाटत होतं, कोणीतरी काहीतरी बोलावं. आता वाटत होतं, कोणीही बोलावं, पण मी नाही. मी नकाशाकडे पाहिलं. समुद्र संपले होते. दयारामकडे पाहिलं, तो आता खिडकीकडे नाही, माझ्याकडे पाहत होता.

मी उठलो कधी ते मला कळलं नाही.

“त्या दिवशी बाबांना ताप होता,” मी म्हणालो. “चाक बंद करायला मला पाठवलं. मी निघालो. वाटेत देवळापाशी पोस्टमन भेटला. आम्ही बोलत बसलो. शाळेची नवी इमारत, त्याच्या मेव्हण्याची बदली, बरंच काय काय. दिवस बुडाला. भूक लागली म्हणून मी घरी गेलो. बाबांनी विचारलं, बंद केलं? मी म्हणालो, केलं. तोंडातून गेलं. म्हटलं जेवून जाऊ. जेवल्यावर झोप लागली.”

बाबांकडे न पाहता मी पुढे म्हणालो,

“मुद्दाम नाही केलं कोणी. कोहळ्यांनी नाही, ढीवरांनी नाही. मी विसरलो. आणि बाबा पंचायतीत बोलले तेव्हा मी बाजूला उभा होतो, मान हलवली.”

गावातला सगळ्यात बडबड्या माणूस मी. दोन वर्षांत जगातल्या यच्चयावत गोष्टींवर बोललो होतो. ही एवढी एकच सोडून.

मी खाली बसलो. बाबा उठले. मला वाटलं, आता कानाखाली बसणार, आणि ती बसावी असंही वाटलं. पण ते ढीवरांच्या बाजूला वळले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

“म्या पायलं नोहोतं,” ते म्हणाले. “शपथ माही होती, अना डोरे याचे. अना याचे डोरे त पोस्टमनच्या तोंडाकडं.” कोणी हसलं नाही. बाबांनी टोपी दोन्ही हातांत धरली. “दोन वर्सं तुमाले चोर म्हनलो. चूक झाली जी माही.”

बाई माझ्याकडे पाहत होती. दुभाषी म्हणून मी हे सगळं तिला सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलं. तिनं हात वर केला. “राहू द्या,” ती म्हणाली.

तेवढ्यात बाक करकरलं. दयाराम उभा होता.

“मले मालूम होतं,” तो म्हणाला. तो सगळ्यांशी बोलत होता, पण पाहत माझ्याकडे होता. “मी त्या सांजी तलावाच्या पारीवरून घरी जाऊन रायलो होतो. तुडूम उघडं, पानी धो धो चाललं, अना कोनीच नाई. माह्या मनात आलं, चाक फिरवून द्याव. मंग म्हनलं, ढीवराचा हात चालत नाई ना? त जाऊ दे पानी. ज्याचं चाक त्यानं फिरवाव.” तो थांबला. “सोसायटीचं बी होतं ते. मीच आनलं होतं, मीच सोडलं होतं. अना आपल्या अकडीपायी आपल्याच डोऱ्यादेखत वाहू देल्लं. दुसऱ्या दिवशी हिवराजनं मान हलवली तवा मी खोटा म्हनू शकलो असतो त्याले. पन मंग मले इचारलं असतं, तुले कसं मालूम?”

डाव्या बाजूचे लोक त्याच्याकडे असे पाहायला लागले की मला त्याची कीव आली. तो खाली बसला. सायत्राबाईनं आपल्या मुलाच्या पाठीत एक धपाटा घातला. मग बाकावरून पुढे वाकून, मधला रिकामा पट्टा ओलांडून, तसाच एक मलाही घातला. सभेत गप्प बसायचं होतं, धपाट्यांबद्दल बाई काही बोलली नव्हती.

त्यानंतर बराच वेळ कोणी बोललं नाही आणि कोणी मला “बाई का म्हनते” असंही विचारलं नाही.

पुढचं सगळं फार भराभर झालं. तलावात म्हशीच्या पाठीसारखा एक खडक आहे. त्याला आम्ही म्हैसदगड म्हणतो. बाबाच म्हणाले, म्हैसदगडाची पाठ दिसेपर्यंत पाणी धानाला, त्याखालचं माशांना. ढीवरांतला एक म्हातारा म्हणाला, आमच्या आज्याच्या वेळी असंच होतं. मग दयारामच्या मागून कोणी म्हणालं, तुडुमाला यापुढे दोन हात लागावेत, एक कोहळ्याचा, एक ढीवराचा. उजव्या बाजूला जरा चुळबुळ झाली. वाडवडिलांचा नियम तो. मी मनात म्हटलं, गेलं सगळं. पण बाबांनी मान वर करून आमच्या लोकांकडे एकदा पाहिलं आणि चुळबुळ थांबली.

बाईनं मला लिहायला सांगितलं. त्यांच्यात म्हणे ठराव घरी नेऊन लिहीत नाहीत. तिथेच लिहायचा, तिथेच वाचायचा, तिथेच पटवून घ्यायचा. मी लिहून मोठ्यानं वाचला.

“यात एक रायलं,” सायत्राबाई म्हणाली. “लिव्ह. पयल्या खेपेले चाक माह्या दयारामनं अना हिवराज मास्तरनं बंद कराव. अना चाक बंद होयेपरेंत मास्तरनं तोंड उघडाव नाई.”

वर्ग छप्पर उडेल असा हसला. दोन वर्षांत दोन्ही बाजू एकाच गोष्टीला पहिल्यांदाच हसत होत्या, आणि ती गोष्ट मी होतो. बाईनं विचारलं, काय झालं? मी तिला सांगितलं. ती गंभीरपणे म्हणाली, “लिहा. उपयुक्त सूचना आहे.”

मी लिहिलं.

“आता विचारा, हे सगळ्यांना मान्य आहे का. आमच्यात हो म्हणत नाहीत. ‘आशा आहे’ म्हणतात.”

“आशा हाये म्हंजे?” बाबांनी विचारलं. “होय का नाई?” मग स्वतःच म्हणाले, “तसं धानवाल्याले दुसरं का हाये म्हना.”

“अना जारंवाल्याले तरी?” पलीकडून एक ढीवर म्हणाला.

मग तीस जणांनी, कोणी लाजत कोणी हसत, “आशा हाये” म्हटलं आणि सह्या-अंगठे केले. दुसऱ्या दिवशी किल्ली आली. मंजरीबाई त्याच दिवशी तिची वही आणि बूट घेऊन एसटीत बसली. जाताना तिनं दोन्ही बाजूंच्या घरी चहा घेतला, दोन्हीकडे बरोब्बर एकेक कप. हे लोकांनी मोजलं.

तीन दिवस पाणी वाहिलं. भेगा मिटल्या, धान निसवलं. तिसऱ्या संध्याकाळी म्हैसदगडाची पाठ दिसली.

मी पाळीवर पोचलो तेव्हा दयाराम आधीच उभा होता. देवळापाशी पोस्टमन दिसला होता. मी त्याला नमस्कारही केला नाही. आम्ही चाकाला दोन बाजूंनी हात घातले. चाक गंजलेलं, फिरता फिरेना. तो ओढायचा, मी ढकलायचो. मला खूप काही म्हणायचं होतं. चाकाबद्दल, गंजाबद्दल, दोन वर्षांबद्दल. ठरावाप्रमाणे मी ओठ दाबून धरले होते. खाली पाण्याचा आवाज बारीक होत होत थांबला. दयारामनं वाकून पाहिलं, कान देऊन ऐकलं, चाक एकदा हलवून बघितलं. हात झटकले आणि सरळ माझ्याकडे पाहिलं.

“झालं बंद,” तो म्हणाला. “आता बोल ना बे.”

आणि मला एक शब्द सुचेना.

“बोल ना,” तो म्हणाला. “दोन वर्सं कान भनभन करून रायले माहे, इतकं सुनं सुनं.”

मग मी बोलायला लागलो ते दिवस बुडेपर्यंत. काय बोललो ते आता आठवत नाही. पोस्टमनच्या मेव्हण्याची बदलीसुद्धा त्यात होती, एवढं नक्की. पार घराच्या वळणापर्यंत आलो, तेव्हा दयाराम थांबला, मीही थांबलो, आणि काही न बोलता आम्ही दोघं मागे फिरलो. पाळीवर जाऊन चाक बंद आहे ना, ते पुन्हा एकदा पाहून आलो.